झाडाखाली उघडायची छत्री

सुखदेव, तुझी छत्री माझ्याकडे आली आहे.

परवा पांढुर्ण्याला तुझ्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, माणसं जेवायला बसली, तेव्हा कमलावहिनींनी ती आतून आणून माझ्या हातात ठेवली. मूठ तीच, सुतळी गुंडाळलेली. कापडावर दोन ठिगळं नवी दिसली. वहिनी म्हणाल्या, "ते सांगून ठेवून होते, मास्तरले देजो म्हणे. त्याले लागन."

"कशाले लागन म्हणे?"

"ते नाही सांगतलं. हासत होते नुसते."

स्वतः गेल्यावरही टोमणा बरोबर पोचेल अशी व्यवस्था करून ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सौंसरच्या बसमध्ये ती छत्री दोन गुडघ्यांमध्ये धरून बसलो होतो. बाहेर वैशाख नुसता पेटला होता. शेजारच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं आणि विचारलं, "गुरुजी, पाण्याचा अंदाज आहे काय?"

मी म्हणालो, "आहे थोडा."

उन्हाळ्यात छत्री धरणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. पण उन्हात ती मिटून काखेत मारणारा आणि झाडाच्या सावलीत शिरल्यावर उघडणारा माणूस या तालुक्यात एकच होता. तुला तसं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, जंगल खात्यात नाकेदारी करता करता याचं डोकं फिरलं. मोहगावच्या वाटेवर, नाल्याच्या काठी ते अर्जुनाचं झाड. भर दुपार. झाडातून करवत चालल्यासारखा आवाज, इतका की रस्त्यावरून जाणारी बैलगाडी दिसत होती पण ऐकू येत नव्हती. आणि खाली, गर्द सावलीत, तू छत्री उघडून उभा.

"काय बे, सावलीले ऊन लागून राहिलं काय?"

"ये न आत," तू म्हणालास. "चष्मा पुसाची तयारी असन तं ये."

मी आलो आणि चष्म्यावर दोन थेंब पडले. मग कपाळावर, मग ओठावर. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. "चाखून पाह्य," तू म्हणालास, आणि मी, शाळेत पोरांना वाचल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका असं सांगणारा मास्तर, मी चाखलं.

"कसं आहे?"

"गोडसर वाटते थोडं."

"झिंगराचं मूत आहे," तू म्हणालास, आणि छत्री माझ्या डोक्यावर धरलीस.

गावात त्याला कोणी झिंगूर म्हणतं, कोणी रातकिडा. दोन्ही तुला मान्य नव्हतं. रातकिडा रात्री ओरडतो, हा दुपारी, ऊन जितकं कडक तितका जोरात. पुस्तकातलं नाव सिकाडा, ते तू नागपूरहून आणलेल्या एका जुन्या ग्रंथात सापडलं. सालीच्या रंगाचा, सालीलाच चिकटलेला, जाडजूड, डोळे दोन टोकांना. पुढचे पंख असे ठिपक्या-ठिपक्यांचे की बोट ठेवेपर्यंत तो दिसत नाही. खालचे उघडले तरच पिवळसर झाक दिसते. तो झाडाचा रस पितो, पीत राहतो, आणि उरलेलं पाणी खाली सोडत राहतो. एका झाडावर शेकड्यांनी असले की झाड पाझरतं. एवढंच ते. एवढंच तू मला त्या दिवशी सांगितलंस, आणि एवढंच मला पुढे सांगता आलं नाही.

ओरडणारे सगळे नर, असंही तू सांगितलंस. त्यांचं पोट आतून जवळजवळ पोकळ असतं, त्यामुळे आवाज घुमतो. "पोट रिकामं असल्याशिवाय एवढा आवाज निघतच नाही," असं तू म्हणालास, आणि त्यानंतर कोणत्याही सभेत आपल्याला शेजारी बसणं अवघड झालं. वक्ता उभा राहिला की तू नुसतं माझ्या पोटाला कोपर लावायचास.

तुझ्या वहीत पाच रकाने होते. तारीख, झाड, वेळ, काय पाहिलं, आणि शेवटचा: काय माहीत नाही. हा शेवटचा रकाना सर्वांत रुंद आखलेला असायचा आणि सर्वांत आधी भरायचा. मी बऱ्याच विद्वानांच्या वह्या पाहिल्या आहेत, हा रकाना कुठे पाहिला नाही. त्यात एक ओळ दर वर्षी यायची: पिल्लू जमिनीखाली किती वर्षं राहतं? मुळांचा रस पीत, अंधारात, एकट्यानं ते वाढतं हे पुस्तकात होतं. किती वर्षं, ते आपल्याकडच्या या जातीबद्दल कोणी लिहिलेलं नव्हतं. त्यासाठी तू तीन उन्हाळे त्या अर्जुनाखाली बसलास. बुंध्याभोवतीची भोकं पाहायचास, बोट जाईल एवढी, गोल. "दरवाजा एकच वेळा उघडते," तू म्हणायचास.

एकदा दिवेलागणीला आपण एक पिल्लू वर येताना पाहिलं. मातीनं माखलेलं, कुबड काढून चालणारं. हातभर चढलं, सालीला पकडलं, पाठ उकलली आणि आतून फिकट हिरवट असं काहीतरी बाहेर येऊ लागलं. अर्ध्यावर ते थांबलं. बराच वेळ हललं नाही. मला ते पाहवेना. तू वहीत लिहीत होतास तेवढ्यात मी नखानं ती कात जराशी सोडवली. ते सुटलं. पण त्याचा एक पंख चुरगळलेलाच राहिला, कागदाच्या बोळ्यासारखा, आणि तसाच वाळला.

परतताना तुझ्या सायकलच्या मागं बसून मी सगळा रस्ता तुझी पाठ पाहिली. सौंसर आल्यावर तू म्हणालास, "ताकद लावूनच त्याचे पंख भरतात. तू त्याची ताकद वाचवली, पंख घालवले. बाहेर येनाऱ्याले हात नाही लावाचा, मास्तर."

हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. ते पुढे कुठे वापरलं, ते तुला माहीत आहे.

ज्या वर्षी आपण क्रिकेटचा विश्वचषक माझ्या रेडिओवर ऐकला, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्या झाडावर कधी नव्हते एवढे सिकाडे आले. झाड पाझरत नव्हतं, गळत होतं. संत्र्याच्या बागेत कामाला जाणाऱ्या बाया दुपारी तिथं बसत, त्यांच्या अंगावर थेंब पडले. चार दिवसांत बुंध्याला हळद लागली. आठ दिवसांत लोधीखेड्याहून, पांढुर्ण्याहून माणसं यायला लागली, बाटल्या घेऊन. ताप उतरतो म्हणाले. मी शाळेच्या वाचनालयात बसून हसत होतो आणि तू हसत नव्हतास. तू मला एका दुपारी मुद्दाम तिथं नेलंस.

"पाह्य. दिसलं काय?"

मला गर्दी दिसली. तू बोटानं दाखवलंस तेव्हा कळलं. झाडाखाली तुझ्या मोहल्ल्यातली माणसं होती, माझ्या घरची होती, एकाच सावलीत, हात पुढे करून. कोणी कोणाला मागं उभं राहा म्हणत नव्हतं, कारण तीर्थ वरून पडत होतं आणि मध्ये कोणी वाटणारा नव्हता.

"झिंगूर कोनाले इचारून मुतत नाही," तू म्हणालास. "चालू दे त्यायचं. महिन्याभरात ते मरतीन, लोकं घरी जातीन. कोनाचं काही बिघडत नाही."

बिघडवायला अण्णाजी होते. आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, मोठे बागायतदार, माणूस तसा वाईट नाही. पण फीत दिसली की त्यांच्या हातात कात्री येते. शाळेच्या पाणपोईचं उद्घाटन त्यांनी तीनदा केलं होतं, कारण ती तीनदा बंद पडली होती. त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात सभा बोलावली. विषय: झाडाभोवती सिमेंटचा ओटा.

आदल्या दिवशी तू माझ्या घरी आलास. रेघांच्या कागदावर चार मुद्दे, तुझ्या त्या वळणदार अक्षरात. पाणी कशाचं. किडे कुठून येतात. सिमेंट टाकलं तर खालचे कोंडून मरतील. आणि चौथा: पुढच्या वर्षी पाणी पडणार नाही.

"तूच बोल की," मी म्हणालो. "तुझा विषय आहे."

"मी बोललो तं काय म्हनतीन, तुले माहीत आहे. या लोकायले देव चालत नाही म्हनतीन. तू बोलला तं बोलनं झिंगरावर होईन. मी बोललो तं माझ्यावर होईन."

"बोलतो न बे."

"नक्की?"

"कागद ठेव इथं."

तो कागद मी सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. सभेत तो तिथंच होता, छातीवर. अण्णाजी बोलत होते. "जागृत झाड असं उघड्यावर ठेवनं आपल्या गावाले शोभत नाही. चारी बाजूनं ओटा, वर फरशी, कठडा. एकीकडून चढाचं, एकीकडून उतराचं. कोनं वर याचं, कोनं खाली थांबाचं, शिस्त पायजे. आन् दर्शनी भागावर शिळा. शिळेवरचा मजकूर आमचे गुरुजी लिहतीन. त्यायच्यासारखी भाषा तालुक्यात कोनाची आहे?"

टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो. तू मागच्या खांबाला टेकून उभा होतास, माझ्या खिशाकडे पाहत.

तेव्हा मुख्याध्यापकाची जागा रिकामी होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तुला ते माहीत होतं, आणि तू कधी विचारलं नाहीस, कारण मी सांगितलं असतं. मी उभा राहून शिळेच्या मजकुराबद्दल बोललो. अक्षरं मोठी असावीत, वाक्य छोटं असावं, अशा काही मौलिक सूचना केल्या. आणि खाली बसलो.

मग तू बोललास. मागूनच, आवाज न चढवता. "हे पानी किड्याचं आहे. त्याचे पिल्लं या झाडाच्या बुडाशी जमिनीत आहेत. सिमेंट टाकान तं ते कोंडून मरतीन, आन् तुमचं पानीही बंद होईन. ओटा बांधाचाच असन तं बुंध्यापासून दूर बांधा."

कोणी शिवी दिली नाही. तेवढा सभ्यपणा गावात आहे. सगळे फक्त माझ्याकडे वळले, आणि अण्णाजींनी खरोखर जाणून घ्यायच्या इच्छेनं विचारलं, हे मी त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे: "काय गुरुजी? खरं आहे काय हे? तुम्ही तं वाचनारे मानूस."

एक 'हो' पुरला असता, सुखदेव. मी म्हणालो, "याचा अजून अभ्यास व्हायला पाहिजे."

हे वाक्य किती चांगलं आहे, पाहा. त्यात खोटं एक अक्षर नाही. कोणत्याही परिषदेत चालेल. सभेनं सुटकेचा श्वास टाकला आणि कोणीतरी तुला म्हणालं, "बसा आता, नाकेदारसायेब."

नंतर तू सायकल हातात धरून चाललास, मी शेजारून. मग तू म्हणालास, "आपल्या पांढुर्ण्याची गोटमारीची जत्रा बरी, बे. नदीच्या पलीकडून सावरगाववाला गोटा मारते, पन मारताना दिसते तरी."

"मी तुले काही मारलं नाही."

"तेच तं म्हनून राहिलो."

मला राग आला. राग येण्याची सोय माणसाला फार उपयोगी पडते. मी म्हणालो, "तूच सांगतो न, बाहेर येनाऱ्याले हात लावू नये? गाव आपलं आपण शिकन हळूहळू. ओढून काढलं तं पंख मोडतीन."

तू थांबलास. "ते कातीतून येनाऱ्याले, मास्तर. सिमेंटखालच्याले नाही." आणि सायकलवर टांग टाकून गेलास. हा वाद तिथंच राहिला. मी त्यानंतर पुष्कळ उत्तरं तयार केली, एकही बरं नव्हतं.

ओटा झाला. मजकूर मी लिहिला. 'या पावन वृक्षातून अखंड स्रवणारी ही अमृतधारा' अशी सुरुवात आहे. पुढच्या वैशाखात अखंड धारा खंडली. दोन-चार सिकाडे दुसऱ्या झाडांवरून येऊन ओरडून गेले, पण खाली थेंब नाही. तू स्वतःच मला म्हणाला होतास की सिमेंट नसतं तरी एखादं वर्ष कमी असतंच, सगळा दोष ओट्याला देता येणार नाही. दोष द्यायला तुझ्याइतका काटेकोर कोणी नव्हता. त्यांनी सरळ तुला दिला. नाकेदारानं भर सभेत अभद्र बोलून तीर्थ विटाळलं, असं झालं. 'विटाळलं' हा साधा बोलण्यातला शब्द आहे, त्यात काही मनात धरू नये, असं मला एकानं समजावलं. मी समजून घेतलं. तुझ्याविरुद्ध वर अर्ज गेला, त्याखाली पुष्कळ सह्या होत्या. माझी नव्हती. याचा मी बरेच दिवस अभिमान बाळगला. मग आठवलं की अर्ज फिरला त्या दिवशी मी रजेवर होतो.

तुझी बदली छिंदवाड्याच्या पलीकडं, पहाडात झाली. वहिनी आणि लेकरं सौंसर सोडून पांढुर्ण्याला राहायला गेली. मला खुर्ची मिळाली. मुख्याध्यापकाच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि ती व्हरांड्यात उघडते, त्याच खांबासमोर. मी खुर्ची फिरवून बसायचा प्रयत्न केला; ती फिरत नाही, चारही पाय फरशीत बसवलेत. कोणी पळवू नये म्हणून, असं शिपाई म्हणाला. सहा वर्षं मी तिच्यात आहे.

तुझी अंतर्देशीय पत्रं यायची. इथला झिंगूर वेगळा आहे, आवाज बारीक, सागावर जास्त बसतो. इथं पाऊस उशिरा सुटतो. कमलाचं गुडघ्याचं औषध नागपूरहून कोणी आणेल का पाहा. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी, घडीच्या कडेला, तीच ओळ: अभ्यास कुठवर आला, मास्तर?

मी उत्तरं लिहायचो. संत्र्याच्या मृग बहाराबद्दल, नवीन पुस्तकांबद्दल, गावात टीव्ही आल्यामुळे रविवारी सकाळी सभा घेता येत नाहीत या आनंदाच्या बातमीबद्दल. त्या ओळीला सोडून सगळ्याला उत्तर दिलं. एकदा पत्रात लिहिलंही होतं, 'सुखदेव, त्या दिवशी माझं चुकलं.' मग वाटलं, पत्र फार जड होतंय, भेटीत बोलू. ते पत्र पाठवलं नाही. दुसरं लिहिलं, संत्र्यावरच्या रोगाचं.

भेटही झाली. मागच्या दिवाळीत तू नागपूरच्या दवाखान्यातून परतताना सौंसरला उतरलास. वाळला होतास. माझ्या खोलीत आलास, समोरच्या बाकावर बसलास आणि खुर्ची नीट पाहिलीस.

"बसाले कशी आहे?"

"गरम होते."

तू हसलास, खोकलास, पुन्हा हसलास. तेव्हा बोलायचं होतं. शिपाई चहा घेऊन आला. मग एक पालक आला. मग तू घड्याळ पाहिलंस आणि म्हणालास, "चालतो, बावा, गाडी जाईन." मी तुला बसस्टँडपर्यंत सोडायलासुद्धा आलो नाही, तो पालक बसून होता म्हणून. त्याला पोराच्या दाखल्यावर जन्मतारीख बदलून हवी होती.

परवा तुझ्या दारात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. भंतेजींचं झालं होतं, तुझ्या खात्यातला एक जण बोलून गेला होता. मी उभा राहिलो. निसर्गप्रेमी, अभ्यासू, मितभाषी असं काहीबाही बोललो. आवाज चांगला घुमला. तू असतास तर कोपर लावलं असतंस. मी खरोखर पोटावर हात ठेवून पाहिला. खाली बसलो तेव्हा लोक म्हणाले, छान बोलले गुरुजी. त्यानंतर वहिनींनी छत्री दिली.

म्हणून काल दुपारी मी मोहगावच्या वाटेला गेलो. छत्री मिटलेली, काखेत. खिशात तो चार मुद्द्यांचा कागद. तो मी फाडला नव्हता आणि तुला परतही दिला नव्हता. सहा वर्षं खुर्चीसमोरच्या टेबलाच्या खणात होता, हजेरीपटांच्या खाली.

आवाज लांबूनच आला. अर्जुन गळत होता.

अर्जुनाचं मूळ पुढाऱ्यांचं ऐकत नाही. त्यानं ओटा एका कोपऱ्यातून उचलला आहे. हातभर रुंदीची फट, तिच्यात माती, मातीत भोकं, बोट जाईल एवढी, गोल. बुंध्यावर मातकट काती, पाठीवर उकललेल्या, खालपासून वरपर्यंत. कठडा एका बाजूनं गेलेला. पाणी बंद झाल्यावर देव उरला नव्हता, तसे अडवणारेही उरले नव्हते. ओट्यावर बागेतून आलेली एक म्हातारी डबा सोडून बसली होती, तुझ्याच मोहल्ल्यातली. एका हातात भाकर, दुसरा हात पुढे केलेला, तळव्यावर थेंब झेलत.

मी सावलीत शिरलो आणि छत्री उघडली.

तिनं सुतळीची मूठ पाहिली. मग म्हणाली, "हे तं नाकेदारसायेबाची छत्री होय न?"

"होय."

"गेले म्हन्तात बिचारे."

"होय." आणि मग मी ते बोललो. या वयात, एका म्हातारीसमोर. "बाई, हे पाणी तीर्थ नाही. किड्याचं मूत आहे."

तिनं भाकरीचा घास चावून संपवला. "माहीत आहे न, गुरुजी. सायबानंच सांगतलं होतं तवाच. आमच्याकडं लेकरायलेही माहीत आहे."

"मग हात काहून धरता?"

"थंडं लागते," ती म्हणाली. "एवढ्या उन्हात कोनाचं का असंना."

मला वाटत होतं, ते वाक्य गावाला झेपणार नाही. सहा वर्षं अर्धं गाव ते जवळ घेऊन भाकर खात होतं. ज्या माणसाच्या एका 'हो'नं तुझी बदली टळली असती, तो तेवढा खिडकीसमोर बसून अभ्यास करत होता.

मग मी छत्री तिच्याकडे दिली आणि फटीजवळचा सिमेंटचा तुकडा हलवून पाहिला. पूर्ण सुटलेला नव्हता. तिनं विचारलं, "काय करून राहिले?" मी सांगितलं. ती उठून बांधावरून कोणाची तरी लोखंडी सब्बल घेऊन आली आणि म्हणाली, "असं नाही, गुरुजी, बुडातून दाबा." दोघांनी मिळून दोन तुकडे काढले. तिनं जास्त. शिळेला हात लावला नाही. ती राहू दे. खाली माझं नावही आहे. हा लेख छापून आल्यावर अण्णाजी वाचतील, तेव्हा त्यांनी ती जरूर जाऊन पाहावी, आणि बरोबर छत्री न्यावी.

म्हातारी कामाला गेली. मी दिवेलागणीपर्यंत बसलो. उघड्या झालेल्या मातीतून एक वर आलं, चढलं, थांबलं, पाठ उकलली. अर्ध्यावर बराच वेळ अडकून होतं. मी दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर ठेवले आणि तिथंच ठेवले.

मग तुझ्या कागदाची मागची कोरी बाजू काढून पाच रकाने आखले. तारीख कालची. झाड: अर्जुन, मोहगावची वाट. वेळ: दुपार ते दिवेलागण. काय पाहिलं: ओट्याच्या फटीत भोकं, काती पुष्कळ, एक पिल्लू बाहेर आलं, मदतीशिवाय, दोन्ही पंख सरळ. काय माहीत नाही: खाली किती वर्षं होती ते, कारण फट कधी पडली हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. आणि सुखदेवनं छत्री दिली ती माफी म्हणून की शिक्षा म्हणून.

शेवटच्या ओळीवर दोन ठिकाणी शाई फुटली आहे. वाचणाऱ्यानं गैरसमज करून घेऊ नये. ते थेंब झिंगराचे आहेत.